विचारपूस

न्यामकू आला तेव्हा मी दारात बसून खापरावर जव भाजत होते.

तो एकटाच होता. घोड्यावरून बराच लांब उतरला, कमरेची तलवार सोडून बाहेरच्या झाडाला टांगली, आणि अंगणाच्या टोकाला खांब असतो त्याच्यापाशी येऊन उभा राहिला. पुढे एक पाऊल नाही, की हाक नाही. आमच्यात पाहुण्याने असंच उभं राहायचं असतं. घरातून 'ये' म्हणेपर्यंत आपण तिथे नाहीच असं त्याने वागायचं, आणि घर आवरून होईपर्यंत तो दिसलाच नाही असं आपण वागायचं. विंका लोकांना हे कधी जमलं नाही. विंका म्हणजे बियोबियो नदीपलीकडचे स्पॅनिश. ते यायचे ते घोड्यासकट अंगणात, कोंबड्या तुडवत, आणि वर बसल्याबसल्याच पाणी मागायचे. हा मात्र खांबाशी उभा राहून आपल्या जोड्यांकडे बघत होता.

"मामंजी, बाहेर विंका आलाय," मी आत सांगितलं. "एकटाच आहे. खांबाशी उभा आहे."

"खांबाशी?" मामंजी म्हणजे माझे सासरे, कुरिमान, आमच्या वस्तीचे लोंको, मुखिया. ते उठून दाराशी आले, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "अगं, अंगण झाडून घे सूनबाई. मेंढीची कातडी अंथर. आपला न्यामकू आलाय."

त्याचं नाव मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. विंकांमध्ये तो बाल्तासार होता. आमच्या लोकांनी त्यांचं एक ठाणं जाळलं, त्या धामधुमीत मामंजींनी या पोराला धुरातून उचलून घोड्यावर घातलं आणि घरी आणलं. सासूबाईंनी त्याला आपल्या मुलांच्या शेजारी बसवून जेवू घातलं. मामंजींनी त्याला न्यामकू हे नाव दिलं. न्यामकू म्हणजे पांढऱ्या छातीचा ससाणा. छाती आपल्याकडे करून बसलेला दिसला तर तो शुभ. मिसरूड फुटेपर्यंत तो इथे राहिला, इथलीच भाषा बोलला. पुढे तहाची मोठी बैठक झाली, दोन्हीकडचे कैदी परत केले गेले आणि तो आपल्या माणसांत गेला. जाताना खूप रडला होता म्हणे. आता तो त्यांचा कप्तान झाला होता.

"मामंजी, घरात कुणी पुरुषमाणूस नाही," मी झाडता झाडता हळूच म्हटलं.

"मग मी कोण आहे?" ते म्हणाले आणि मिशीत हसले.

खरं म्हणजे वस्तीतच कुणी नव्हतं. माझा नवरा आणि त्याचे भाऊ धुमसत्या डोंगराच्या पलीकडे गेले होते. तिथे सगळ्या लोंकोंच्या माणसांची सभा होती. बायका आणि मुलं वर पेहुएनच्या रानात गेली होती. पेहुएनची झाडं उंच, छत्रीसारखी. शरदात त्यांची फळं फुटून बिया खाली पडतात आणि त्याच आम्हाला हिवाळाभर पुरतात. मीही गेले असते, पण घोड्याने माझ्या पावलावर पाय दिला होता. माझा मुलगा मात्र आत्याबरोबर गेला होता. सहा वर्षांचा होता. जायची इतकी घाई की सकाळी अर्धा पेला पेज तशीच टाकून पळाला. ती त्याची रोजचीच खोड. मी रोज ओरडायचे आणि रोज त्याचं उष्टं मीच प्यायचे.

त्याचंही नाव कुरिमानच. आमच्यात आजोबा एका नातवाला आपलं नाव देतात, आणि मग ते दोघं एकमेकांना आजोबा-नातू म्हणत नाहीत, लाकू म्हणतात. लाकू म्हणजे एका नावाची दोन माणसं. मामंजी दहा नातवंडांच्या गोंगाटातून "लाकू" म्हणून हाक मारायचे आणि हा सशासारखा धावत यायचा.

अंगण झाडून झालं. मामंजी कातड्यावर बसले. "ये," म्हणाले. न्यामकू आला, समोर बसला, आणि पेन्तुकून सुरू झालं.

पेन्तुकून म्हणजे विचारपूस. पण नुसतं 'बरं आहे ना' नव्हे. पाहुणा कितीही मोठी बातमी घेऊन आलेला असो, आधी एकेका माणसाचं नाव घेऊन विचारायचं आणि घरच्याने एकेकाचं नीट, सविस्तर सांगायचं. मग घरच्याने विचारायचं आणि पाहुण्याने सांगायचं. यात घाई करणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखंच. आणि यात खोटं बोलायचं नाही. जिवंत माणसाला मेलेला म्हटलं तर त्याच्याकडे जाणारी वाट मिटते, असं मामंजी आम्हाला सांगत. या घराने ते कायम पाळलं.

"थोरले दादा बरे आहेत ना?" न्यामकूने विचारलं. काय गोड आवाज होता मेल्याचा. जुन्या म्हाताऱ्यांसारखा शेवटचा शब्द लांबवायचा.

"बरा आहे. त्याचा गुडघा दुखतो, पण घोड्यावर बसतो. सभेला गेलाय, डोंगरापलीकडे. चंद्र भरेपर्यंत यायचा नाही."

"ऐकून जीव निवाला. आणि धाकटे?"

"तोही बरा आहे. त्याच्याबरोबरच गेलाय."

"ऐकून जीव निवाला. किंतुराय ताई? लहानपणी मला झाडावर चढवून खालून पळून जायची."

मामंजी खदखदून हसले. "अजून तशीच आहे. पोरांना घेऊन पेहुएनच्या रानात गेलीय. जुन्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, तुला ठाऊक आहे ना, तू जिथे पडला होतास."

"ठाऊक आहे," न्यामकू म्हणाला.

मी पेले भरत होते. मुदाई, आमचं आंबवलेलं मक्याचं पेय. खाली वाकले होते म्हणून मला दिसलं. त्याचा डावा हात मांडीवर, अंगरख्याच्या काठाखाली होता, आणि प्रत्येक उत्तराला तो एक बोट मिटत होता. थोरले, एक बोट. धाकटे, एक बोट. वन्सं आणि पोरं, एक बोट. चेहऱ्यावर काही नाही. चेहरा सगळा मामंजींकडे लावलेला, डोळे ओलसर.

सुनेने पेन्तुकूनमध्ये तोंड उघडायचं नसतं. मी मुद्दाम दोघांच्या मध्ये गेले, पेला देताना हात हलवला, मुदाई मामंजींच्या पायावर सांडली.

"सूनबाई," ते म्हणाले, "बोलणं चाललंय."

"मामंजी, आत जरा येता का? जव—"

"जव करपू दे."

त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी दारात जाऊन बसले. न्यामकूने पाय पुसायला आपला रुमाल पुढे केला, आणि मग, जणू आत्ताच आठवलं असं, म्हणाला, "तुमचा लाकू झाला म्हणून ऐकलं. तो बरा आहे?"

बस. माझे सासरे सुरू झाले. तो कसा दिसतो, कसा बोलतो, त्याला सगळे पक्षी कसे ओळखू येतात, एकदा ऐकलेलं भाषण तो जसंच्या तसं म्हणून कसं दाखवतो. "रानात गेलाय आत्याबरोबर. उद्या संध्याकाळी येतील सगळी. थांब तू, त्याला बघूनच जा."

"ऐकून जीव निवाला," न्यामकू म्हणाला आणि त्याने चौथं बोट मिटलं.

मग मामंजींनी विचारलं. तुझी बायको? बरी आहे, मूलबाळ नाही. तुझा घोडा? बरा आहे. तुझे सोबती?

"बरे आहेत," न्यामकू म्हणाला. "नदीवर घोड्यांना पाणी पाजताहेत."

खोटं बोलला नाही. एक अक्षर खोटं बोलला नाही तो. नदीच्या कोणत्या काठावर, किती जण, हे विचारपुशीत विचारायचं नसतं, आणि कुरिमानासारखा रीतीचा माणूस ते विचारणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. मामंजींनीच तर ही रीत शिकवली होती त्याला.

तो उठला, खांबापर्यंत पाठ न दाखवता गेला, झाडावरची तलवार काढली. मामंजी बराच वेळ त्या दिशेला बघत राहिले.

"तो बोटं मिटत होता, मामंजी," मी म्हटलं.

"कोण?"

"तुमचा न्यामकू. तुम्ही सांगत होता आणि तो मोजत होता. आपण आत्ताच्या आत्ता रानात माणूस धाडू."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. मला वाटतं, त्यांना माझी कीव आली. "सूनबाई," ते म्हणाले, "माझ्या बायकोच्या हातचं खाल्लंय त्याने." मग धाडायला माणूस तरी कुठे होता? मीच काठी घेऊन निघाले. ओढ्यापर्यंत गेले आणि पाय असा सुजला की तिथून रांगतच परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांबरोबर गेलेला कुत्रा एकटाच खाली आला. अंगणात आला आणि मामंजींच्या पायाशी चिकटून बसला. मामंजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने घोडे दिसले. मध्ये दोरीला बांधलेल्या बायका आणि मुलं. पुढे न्यामकू, आणि त्याच्या पुढ्यात खोगिरावर माझा मुलगा.

मामंजींनी भाला घेतला नाही. चालत गेले ते अंगणाच्या टोकाला, त्याच खांबाशी. तिथे, जिथे पाहुण्याने उभं राहायचं, तिथे ते उभे राहिले आणि मोठ्या आवाजात, शब्द लांबवत म्हणाले, "वाट नीट होती ना, न्यामकू? तुझे सोबती बरे आहेत ना?"

न्यामकूने लगाम ओढला. घोड्याच्या मानेकडे बघत राहिला. मामंजी पुढे विचारत होते. तुझी बायको बरी आहे ना, तुझा घोडा बरा आहे ना. मागच्या एका शिपायाला भाषा येत नव्हती. म्हातारा शाप देतोय असं त्याला वाटलं असावं. त्याने बंदूक झाडली.

न्यामकूने माझ्या मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला. एवढंच त्याने केलं. मी तापलेलं खापर घेऊन धावले, ते कुणाला लागलं ते मला ठाऊक नाही. पुढचं एवढंच आठवतं की माझे हात माझ्याच केसांनी बांधले होते.

ठाण्यावर आम्हाला गालावर डागलं. गुरांना डागतात तसं. लहान मुलांना डागायचं नाही असा त्यांचा कायदा होता, म्हणून त्यांना वेगळं काढलं, आणि ती गाडी कुठे गेली ते कुणी सांगेना.

त्यानंतरची वर्षं मी एकच प्रश्न विचारत जगले. समुद्राकाठच्या त्यांच्या शहरात मी कुणाची लोकर पिंजली, कुणाची पोरं सांभाळली. नवा गुलाम आला की त्याला पाणी देऊन विचारायचे, कुरिमान नावाचा मुलगा पाहिलास का, पक्ष्यांचे आवाज काढतो. नाही म्हणायचे. नवरा पुढच्या उन्हाळ्यातच लढाईत पडला, हे एकाने सांगितलं. वन्सं एका तान्ह्या नातवाला घेऊन कपारीत लपली आणि वाचली, हे दुसऱ्याने. मुलाचं कुणी सांगितलं नाही. आणि असं या दारातून त्या दारात जाता जाता मी एका घराच्या स्वयंपाकघरात येऊन पडले, तर ते घर न्यामकूचं निघालं.

त्याने मला ओळखलं नाही. गालावर डाग पडला की विंकांना सगळ्या बायका सारख्याच दिसतात. मीही तोंड उघडलं नाही. त्याचा पाय सडत चालला होता. बायको वरच्या खोलीत राहायची, त्या वासाने खाली यायची नाही. तो दिवसभर परसात खुर्ची टाकून बसायचा.

एकदा मी कोंबड्यांना दाणे टाकत होते आणि आपल्या भाषेत त्यांच्याशी बोलत होते. मागून आवाज आला, तसाच, शेवटचा शब्द लांबवलेला.

"कुठली गं तू?"

मी वळले. "कुरिमानाच्या घरची. धाकटी सून."

मला वाटलं, आता चाबूक मागवेल. पण तो म्हणाला, "बस." आणि समोरच्या ओंडक्याकडे बोट दाखवलं. "कितीतरी वर्षांत माझ्याशी कुणी पेन्तुकून केलेलं नाही. कर माझ्याशी. एकदाच."

मी ओंडक्यावर बसले. त्याच्या घरात मी पहिल्यांदाच त्याच्यासमोर बसत होते. त्याने विचारलं, मी सांगितलं. मामंजी? तुमच्या शिपायाने मारले, खांबाशी. थोरले? लढाईत गेले. धाकटे, माझा नवरा? लढाईत गेला. प्रत्येक वेळी तो "ऐकून वाईट वाटलं" म्हणत होता, आणि हलकटाचे डोळे खरंच भरत होते. तेव्हा मला कळलं की त्या दिवशीही ते खरेच भरले होते. याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

मग माझी पाळी आली. मला एकच विचारायचं होतं. पण घाई केली असती, क्रम मोडला असता, तर तो सुटला असता. रीत मोडली की उत्तर द्यायचं बंधन राहत नाही. म्हणून मी सावकाश घेतलं. तुमचा पाय? तुमची बाई? तुमचा भाऊ? घोडे? त्याने एकेकाचं नीट सांगितलं. आणि शेवटी, घरातल्या लहानांची पाळी येते तिथे, त्याच्या खोगिरावर बसलेलं माझं पोर आठवून मी अंदाजानेच म्हटलं,

"आणि तुमच्या चुलीवर जेवलेला कुरिमानाचा लाकू? तो बरा आहे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. दुसऱ्या कुठल्याही भाषेत तो मला खोटं सांगू शकला असता.

"बरा आहे," तो म्हणाला. "मोठा झाला. देखणा आहे."

"ऐकून जीव निवाला. कुठे असतो?"

"नदीपलीकडे. फौजेबरोबर." मग त्याला राहवलं नाही. "मीच वाढवला त्याला. मला मूलबाळ नाही. त्याची भाषा मी जाऊ दिली नाही, रोज बोलायचो. माझा पाय गेल्यापासून माझं काम तोच करतो. पुढे एकटा जातो. खांबाशी उभा राहतो. तुला सांगतो, त्याच्यासारखं पेन्तुकून आता कुणाला येत नाही. म्हातारी माणसं त्याचं ऐकून रडतात आणि घरातलं सगळं सांगतात."

कोंबड्या दाणे टिपत होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. रीतीप्रमाणे शेवटचा शब्द माझा होता आणि तो त्याची वाट बघत होता.

"ऐकून जीव निवाला," मी म्हटलं.

तो त्याच हिवाळ्यात मेला. पुढच्या वर्षी आमच्या लोकांनी एकदम उठाव केला, नदीच्या उत्तरेची ठाणी आणि मळे जाळले. त्या धुरातून मी चालत निघाले आणि दक्षिणेला वन्संकडे पोचले. तिच्या कपारीतला तो तान्हा नातू आता दाढीवाला झाला होता, त्याला दोन मुलं होती. मला त्यांनी घरातली थोरली म्हणून बसवलं. आलागेला आता माझ्याशी बोलायचा.

शरद आला. घरातले पुरुष सभेला गेले, सून आणि पोरं पेहुएनच्या रानात गेली. मी आणि वन्सं दारात लोकर विंचरत होतो.

तो एकटाच आला. घोड्यावरून लांब उतरला, तलवार झाडाला टांगली, खांबाशी येऊन उभा राहिला. अंगात विंकांचा कोट होता. गालावर डाग नव्हता.

वन्संनी अंगण झाडलं, मुदाईचा पेला भरून ठेवला. मी शाल गालावर ओढून घेतली आणि 'ये' म्हटलं. तो समोर बसला. त्याच्या भुवया माझ्या नवऱ्याच्या होत्या. तो म्हणाला,

"मी कुरिमानाच्या घरचा. त्यांचा लाकू."

वन्सं उठायलाच निघाली, हात पुढे झाले होते तिचे. मी तिचं मनगट धरलं आणि जमिनीवर दाबून ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनी त्याचा डावा हात दाखवला. तो मांडीवर होता, कोटाच्या काठाखाली, बोटं उघडी.

"मुलगे बरे आहेत ना, आजी?" त्याने विचारलं. आवाज गोड. शब्द लांबवलेला.

"मुलगे नाहीत. लढाईत गेले."

"ऐकून वाईट वाटलं. नातू?"

"तापाने गेला."

"ऐकून वाईट वाटलं. सुना?"

"देवीच्या साथीत गेल्या."

"आणि लहान मुलं?"

"त्यांच्याबरोबरच गेली. या घरात आम्ही दोघी म्हाताऱ्याच आहोत."

उभ्या आयुष्यात पेन्तुकूनमध्ये मी खोटं बोलले नव्हते. आता एकेक जिवंत माणूस मी तोंडाने पुरत होते आणि माझी जीभ अडखळत नव्हती. त्याचं एकही बोट मिटलं नव्हतं. त्याने आमच्या दाराकडे पाहिलं, मागच्या चुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमचं स्वतःचं मूल, आजी? एकही नाही?"

"एक मुलगा होता," मी म्हटलं. "सासऱ्यांनी त्याला आपलं नाव दिलं होतं. त्याला पक्ष्यांचे आवाज काढता यायचे. तो मेला."

त्याचा हात मांडीवरून सरकला. त्याला कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग त्याने रीतीप्रमाणे म्हटलं, "ऐकून वाईट वाटलं."

आता विचारायची पाळी माझी होती. मी विचारलं नसतं तरी चाललं असतं. पण विचारलं.

"तुझी आई बरी आहे ना, बाळा?"

"आई नाही," तो म्हणाला. "लहानपणीच गेली. ज्यांनी मला वाढवलं, त्यांनी सांगितलं."

"ऐकून वाईट वाटलं," मी म्हटलं.

तो उठला. खांबापर्यंत पाठ न दाखवता गेला, तलवार काढली आणि घोडा वळवला तो नदीकडे, रानाकडे नाही. वन्सं माझ्या हातातून मनगट सोडवून घेत नव्हती, मीच ते सोडायला विसरले होते.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "तो आपला होता."

"पोरं वर रानात आहेत, वन्सं."

ती रडत आत गेली. त्याने मुदाई अर्धीच प्यायली होती, पेला कातड्यापाशी तसाच होता. मी तो उचलला आणि त्याचं उष्टं पिऊन टाकलं.